गुडघा बदलल्यानंतर आठ महिन्यांनीही जळजळ. एक्स-रे मात्र उत्तम

गोदाकाठ:
माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया आठ महिन्यांपूर्वी झाली. तिचे वय ६८ आहे. जखम वेळेवर भरली, गुडघा पुरेसा वाकतो आणि घरातल्या घरात ती काठीशिवाय फिरते. मात्र टाक्यांच्या व्रणाला लागून, बाहेरच्या बाजूला तिला सतत जळजळ होते आणि रात्री त्या जागी गोधडीचा स्पर्शही सहन होत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘सांधा उत्तम बसला आहे, व्यायाम करत राहा’ एवढेच सांगितले. तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे, तरी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी ती जवळजवळ रोज घेते. ‘उगाच ऑपरेशन केलं’ असे शेजारपाजारचे म्हणू लागल्यापासून तर दुखते हे सांगायचेही ती टाळते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का, आणि घेतल्यास नेमके काय विचारावे?

अस्थिवैद्य:
ताई, मत अवश्य घ्या. रुग्णाला न तपासता निदान सांगता येत नाही, पण एक्स-रे चांगला असणे म्हणजे वेदनेला कारण नाही असे मुळीच नव्हे. सांधा सैल झाला असेल किंवा हाड मोडले असेल तर ते एक्स-रेत बहुधा दिसते. कमी जोराचा जंतुसंसर्ग, बसवलेल्या भागाचा किंचित पीळ, अस्थिबंधांचा सैलपणा किंवा कातडीखालच्या मज्जातंतूची इजा त्यात दिसेलच असे नाही. मधुमेह असल्यामुळे संसर्गाची शंका आधी फेडून घ्यावी. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या कराव्यात, आणि त्या वाढलेल्या आढळल्या तर गुडघ्यातील पाणी काढून तपासावे. हे पाणी काढण्याआधी कोणी ‘असू द्या’ म्हणून अँटिबायोटिक सुरू केले तर जंतू सापडणे अवघड होते, तेवढे टाळा.

आईंना एक प्रश्न नीट विचारा: हे दुखणे शस्त्रक्रियेआधीचेच आहे की नवे? अगदी पूर्वीसारखेच असेल तर मूळ खुब्यात किंवा कमरेच्या मणक्यात असू शकते, कारण खुब्याची झीज पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. कारण सापडल्याशिवाय कोणी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली तर मात्र होकार देऊ नका. अशा शस्त्रक्रियांचा गुण सहसा येत नाही. ताप, व्रणातून पाणी येणे, पोटरी एकाएकी सुजणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भूल_आणि_वेदना:
मी वेदना उपचार विभागात काम करतो. आपण केलेले वर्णन मज्जातंतूजन्य वेदनेशी बरेच जुळते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखालून सॅफिनस या मज्जातंतूची एक फांदी आडवी जाते, आणि समोरून छेद घेताना ती बहुतेक वेळा कापली जाते. त्यामुळे बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहणे नेहमीचेच आहे. काहींना मात्र तिथेच जळजळ सुरू होते. व्रणालगत बोटाने हलके टकटक केल्यावर झिणझिणी येत असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. त्या जागी कातडीखाली, सांध्यात नव्हे, बधिरतेचे इंजेक्शन देऊन वेदना थांबते का हे पाहता येते.

अशा वेदनेवर डायक्लोफिनॅकसारखी गोळी फारशी चालत नाही. मधुमेह आणि रक्तदाब असताना ती रोज घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते. मज्जातंतूंच्या वेदनेवर दिली जाणारी प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही औषधे उपयोगी पडू शकतात, पण या वयात चक्कर येऊन पडण्याचा धोका असल्याने अल्प मात्रेपासून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ड्युलॉक्सेटिनबरोबर ते धोक्याचे ठरू शकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बराच काळ चालू असल्यास बी-१२ या जीवनसत्त्वाची पातळीही पाहावी, कारण ते कमी पडले तरी मज्जातंतूंना त्रास होतो. तळपायांतही जळजळ असेल तर दोष केवळ गुडघ्याचा नसेल.

आणि शेजाऱ्यांचे सोडा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के लोकांना दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहिल्याचे दिसले. आईंनी दुखणे लपवल्यास निदान लांबेल, शिवाय झोपमोड आणि काळजी यांनी वेदना तीव्र होते.

निवृत्त_मास्तर:
माझे दोन्ही गुडघे बदलले आहेत आणि डाव्याला अशीच जळजळ होती. औषधाइतकाच उपयोग फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेल्या साध्या प्रकाराचा झाला: त्या जागेवरून आधी मऊ मलमल, ती सोसू लागल्यावर जुने धोतर, मग पंचा आणि शेवटी खरखरीत टॉवेल, असे रोज थोडा वेळ हलकेच फिरवायचे. दाबून चोळणारा मालिशवाला मात्र दाराशीच थांबवावा. झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण पाय सरळ होईनासा होतो; दिवसा थोडा वेळ टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन पाय ताणावा. बरे वाटले त्या दिवशी सगळा बाजार पायी फिरून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरण्यापेक्षा रोज सारखेच चालावे. पूजा खुर्चीवर बसून केली तरी चालते. मांडीचा हट्ट माझ्या सौभाग्यवतींनीच सोडायला लावला.

गोदाकाठ:
आपणा सर्वांची आभारी आहे. आईला विचारले, तर म्हणाली, ‘आधीचं दुखणं आत, जिना चढताना व्हायचं, हे वरवर, कातडीला आहे.’ टकटक केल्यावर झिणझिणी येते, आणि तळपायांतही जळजळ असल्याचे तिने आज पहिल्यांदाच सांगितले. रक्ताच्या तपासण्या उद्या करून घेते. दाखवायला जाताना सोबत काय न्यावे?

भूल_आणि_वेदना:
शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, साखरेचे अहवाल आणि घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही, एका पिशवीत घेऊन जा. दुखण्याची जागा पेनाने कातडीवर आखून नेलीत तर तपासणी सोपी होईल.