'व्रणरोपक' म्हणजे व्रण उठवणारा?

आडवाट : तासगावजवळच्या एका शाळेत मुलांनी कुंपणालगत औषधी झाडं लावलीत. पाट्यांचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. दगडीपाल्यापुढे मी मोठ्या ऐटीत 'व्रणरोपक' लिहिलं. एका मुलाची आजी पाटी वाचून म्हणाली, "व्रण रोपतो व्हय ह्यो? मग पोरांना कशाला लावताय?" मला काही बोलताच येईना. व्रण म्हणजे जखम की जखमेची खूण?

कृष्णाकाठ : आजींना पूर्ण मार्क. जखम बरी झाली, व्रण राहिला, असंच म्हणतो आपण. त्याचाच घासलेला शब्द 'वण'. देवीचे वण म्हणजे काही देवीच्या जखमा नव्हेत.

जुनी पोथी : मूळ अर्थ जखमच. सुश्रुतसंहितेत व्रणाचे 60 उपक्रम, म्हणजे उपचार, आहेत. रोपण म्हणजे जखम भरून आणणं, आणि मागे राहिलेली खूण घालवण्याला वेगळं नाव, वैकृतापह. इतका बारीक भेद करणारी परिभाषा हाताशी असताना एका आजींना कळत नाही म्हणून शब्द टाकायचा?

कृष्णाकाठ : पाटी सुश्रुतासाठी नाही हो, तिसरीतल्या पोरांसाठी आहे. त्यांना रोपण म्हटलं की वृक्षारोपण आठवणार. 'जखम भरून आणणारा' लिहा, संपलं.

जुनी पोथी : जखम फारसी. निदान 'घाव' तरी लिहा.

उसाचा फड : घाव कुऱ्हाडीचा. बोट कापलं तर घाव कोण म्हणतंय? वाळव्याकडं आमच्यात डोकं फुटलं की 'खोक' पडते आणि गुडघा 'खरचटतो'. ऊस तोडताना माझ्या बोटाला कोयता लागला, तवा चुलत्यानं बांधावरचा दगडीचा पाला ओरबाडला, तळहातावर चोळला आणि हिरवा रस पिळला. असली आग झाली की रगत थांबल्यालं कळलंच नाही. वण अजून हाय. म्हणजे तुमची पाटी बरोबरच म्हणायची!

निंबोणी : पुढच्याच गोष्टीसाठी लिहिते. कोयता, पत्रा, खिळा काही लागलं असेल तर पाला चोळून घरी बसू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चिरडलेल्या पाल्याबरोबर मातीही जखमेत जाते. हे पाटीवर आधी लिहा, शब्द मागाहून शोधा.

आडवाट : लिहितो. नावाचंही सांगा. एका यादीत संस्कृत नाव 'जयंतीवेद' दिलंय. ते घालू?

जुनी पोथी : जरूर. आपल्या ऋषींनी...

रानवाटा : थांबा, थांबा! हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. मिरची-बटाट्यासारखं कोलंबस अमेरिकेला पोचल्यावर, 1492 नंतरच इकडे येणार. सुश्रुताने ते पाहिलेलं असणं शक्यच नाही. संस्कृत नाव मागून चिकटवलेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली ठेवलेलं शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी. इंग्रजीत कोट बटन्स. पिवळं बटण आणि कडेला दातेरी पांढुरक्या पाकळ्या, नाव शोभतं. अमेरिकेत ते त्रासदायक तणांच्या सरकारी यादीत आहे, आणि आपण बागेत लावतोय!

कृष्णाकाठ : परदेशी झाडाला देशी नावं मात्र तीन-तीन. लांब देठावर एकच फूल म्हणून एकदांडी.

कोयनेचं पाणी : पाटणकडे आम्ही कंबरमोडी म्हणतो. खुरपून खुरपून बायकांची कंबर मोडते, म्हणून.

रानवाटा : मला वाटतं कंबर झाडाचीच मोडलेली. खोड आधी आडवं पडतं, मग वाकून उठतं. म्हणजे प्रोकम्बेन्सच की!

कोयनेचं पाणी : ज्यानं नाव ठेवलं त्याला लॅटिन येत नव्हतं, खुरपं येत होतं.

उसाचा फड : आणि दगडी का? दगडावर ठेचतात म्हणून.

निंबोणी : दगडांच्या फटीत उगवतो म्हणून. आमच्या वाईच्या वाड्याची पडकी भिंत भरली होती त्यानं.

उसाचा फड : आमच्या काळ्या रानात दगड औषधाला नाही, पाला ढीगभर. मग?

जुनी पोथी : 'दगडी पाला' हे दोन शब्द आहेत. जोडून लिहिणं चूक. दगडी हे विशेषण.

उसाचा फड : आमच्यात 'दगडीचा पाला' म्हणतात. विशेषणाला 'चा' लागतो व्हय? दगडी हे झाडाचंच नाव.

कृष्णाकाठ : हे पटलं. मेथीची भाजी, दगडीचा पाला.

जुनी पोथी : बोलीवरून व्याकरण ठरवणार का आता?

आडवाट : मंडळी, रंगारी उद्या सकाळी येतोय. 'व्रणरोपक' खोडू की ठेवू?

कोयनेचं पाणी : पाटीवरून आठवलं. शाळेत पाटी पुसायला आम्ही हाच पाला वापरायचो, खरखरीत म्हणून. रंग हिरवा व्हायचा, पाढे मात्र जायचे. आणखी कुणी वापरायचं का?

निंबोणी : आम्ही थुंकी.