एबीएस, ट्रॅक्शनचे पिवळे दिवे आणि ब्रेकचा लाल दिवा, सगळे एकदम... गाडी घाटात न्यायची का?

कराडची_चारचाकी:
नमस्कार मंडळी, पेट्रोल हॅचबॅक आहे, २०२१ ची, ईएसपीवालं (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टीम) मॉडेल. गेल्या आठवड्यापासून एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि तो घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शनचा, असे दोन पिवळे दिवे लागतायत. स्टार्ट केल्यावर नेहमीसारखे विझतात पण गाडी जरा हलली, वीसेक स्पीड आला की दोन्ही परत येऊन बसतात. आणि कालपासून वळण घेताना तो गोलात उद्गारचिन्हवाला लाल दिवा पण मध्येच चमकून जातो, सरळ रस्त्याला गायब. ब्रेक लागतोय व्यवस्थित. मेकॅनिक म्हणतो एबीएसचं मॉड्यूल (त्याचा कंट्रोल बॉक्स) गेलंय, बदलावं लागेल, आणि आकडा ऐकून मला घामच फुटला. रविवारी आईला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय, पाऊस चालू आहे. पिवळे दिवे असताना गाडी चालवलेली चालते असं एक जण म्हणाला, खरं का?

घाटमाथा:
ताई, आधी लाल दिव्याचं बघा, पिवळे नंतर. वळणावर चमकतो आणि सरळला जातो म्हणजे बहुतेक ब्रेक ऑइल मिनिमम रेषेला टेकलंय, वळताना ते टाकीत एका बाजूला सरकतं आणि आतला फ्लोट खाली जातो. हँडब्रेक एकदा पूर्ण ओढून सोडून बघा, त्याचा स्विच अडकला असेल तरी हाच दिवा लागतो. गाडी सपाट जागेवर लावा, बॉनेट उघडा, टाकीवर मॅक्स-मिन लिहिलेलं असतं. कमी असेल तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका. ब्रेक पॅड झिजले की ते दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं, ते नॉर्मल आहे, पण पॅड चांगले असून लेव्हल उतरली असेल तर लीक आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, आणि बऱ्याच गाड्यांत क्लचचं ऑइल याच टाकीतून जातं त्यामुळे क्लच पेडलच्या मुळाशी पण हात लावून बघा. पेडल मऊ वाटलं किंवा नेहमीपेक्षा खाली गेलं तर गाडी तिथेच उभी करायची, गॅरेजपर्यंत टो करून न्यायची, चालवत नाही.

स्पॅनर_सांगली:
वरच्यांशी सहमत. आता पिवळ्यांचं. मॉड्यूल अजिबात बदलू नका, निदान स्कॅन केल्याशिवाय तरी. मॉड्यूल किंवा वायर पूर्ण मेली असती तर दिवा बहुतेक इग्निशन ऑन केल्यापासून लागून राहिला असता. तुमचा विझतो आणि गाडी हलल्यावर येतो, म्हणजे गाडी चालल्यावर कुठल्यातरी एका चाकाच्या सेन्सरकडून स्पीड मॉड्यूलला मिळत नाहीये. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी त्याच सेन्सरवर चालतात म्हणून दोन दिवे जोडीने लागतात, दोन वेगळे बिघाड नाहीत. एक विचारतो, हल्ली कुठल्या चाकाचं बेअरिंग बदललंय का?

कराडची_चारचाकी:
हो!! पुढच्या डाव्या चाकाचं, आवाज येत होता म्हणून. दिवे त्यानंतरच सुरू झाले खरं तर, पण मेकॅनिक म्हणाला त्याचा काही संबंध नाही.

स्पॅनर_सांगली:
संबंध आहे ताई, शंभर टक्के तपासा. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये मॅग्नेटची रिंग असते, सेन्सर तीच वाचतो. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या, त्यामुळे बेअरिंग उलटं प्रेस केलं की चाक मस्त फिरतं, आवाज पण जातो, फक्त सेन्सरला काहीच दिसत नाही. साधं, रिंग नसलेलं बेअरिंग टाकलं तरी तेच. स्कॅनरवर चारही चाकांचा लाइव्ह स्पीड लावून गल्लीत हळू चालवायला सांगा, तीन चाकं २० दाखवतील आणि एक शून्य. ब्लूटूथवाले स्वस्त डोंगल बहुतेक इंजिनच्याच बिघाडाचे कोड वाचतात, एबीएसमध्ये जाणारा स्कॅनरच पाहिजे. आणि उलटं निघालं तर तेच बेअरिंग काढून फिरवून बसवू देऊ नका, प्रेसने बाहेर काढताना ते मार खातं, नवीनच टाका. मजुरी मागायला लागले तर स्पष्ट सांगा, काम त्यांचंच होतं.

घाटमाथा:
"पिवळे असताना चालते" याबद्दल. साधा ब्रेक लागतो हे खरं. पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला की चाकं लॉक होणार आणि लॉक झालेलं चाक वळत नाही, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. लाल आणि एबीएस दोन्ही कायमचे लागले तर त्याहून वाईट, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटणारी ईएबीडी... सॉरी ईबीडी पण बंद असू शकते, मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गर्रकन फिरते. पावसात, आईला घेऊन, कुंभार्लीच्या वळणांवर हे नको. एसटीने जा नाहीतर दुसरी गाडी घ्या.
बाकी ट्रॅक्शनचा दिवा चिखलात लुकलुकला तर घाबरू नका, ट्रॅक्शन कंट्रोल काम करतोय म्हणून लुकलुकतो. सलग लागून राहिला तर बिघाड, नाहीतर तो कंट्रोल बटण दाबून बंद केलेला असतो.

कराडची_चारचाकी:
अपडेट. दुसरीकडे स्कॅन केलं, पुढचं डावं शून्यच दाखवत होतं. उघडल्यावर बेअरिंग उलटंच निघालं. ऑइल मिनिममच्या खाली होतं, पुढचे पॅड संपत आलेले, लीक कुठेच नाही. पॅड आणि बेअरिंग दोन्ही नवीन. पण आता स्टार्ट केल्यावर एबीएसचा दिवा लगेच विझत नाहीये, ते का? चिपळूणला एसटीनेच गेलो आम्ही.

स्पॅनर_सांगली:
बिघाडाचा जुना कोड मॉड्यूलमध्ये बसलाय. काही गाड्यांत चारही चाकांचा स्पीड नीट मिळाल्याशिवाय दिवा जात नाही, मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसने थोडी चालवा, नाहीच गेला तर स्कॅनरने कोड पुसून घ्या. आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या आता, २०२१ पासून तेच असेल तर त्याने हवेतलं पाणी ओढलंय. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तेवढी उष्णता होते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा.