अ‍ॅडमिन पासवर्ड न मागता क्लायंटच्या पीसीवर अपडेट कसं द्यायचं?

महापेवाला_डेव्ह:
नमस्कार मंडळी. महापेला आमची चौघांची टीम, कस्टम क्लिअरिंग एजंटांसाठी बिलिंगचं विंडोज सॉफ्टवेअर बनवतो. क्लायंट वाशी, बेलापूर, उरणला. स्टाफकडे साधं युजर अकाउंट, म्हणून दर अपडेटला पासवर्डची खिडकी येते आणि त्यांचा आयटीवाला येतो आठवड्यातून एकदा. परवा एका ऑफिसात कीबोर्ड उचलला तर खाली अ‍ॅडमिन पासवर्डची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवलेली, मॅडम म्हणाल्या "तुमच्याच अपडेटसाठी ठेवलीय हो". फार वाईट वाटलं. अ‍ॅडमिन न लागता पण सेफ असं काय करता येईल?

घोडबंदर_कोडर:
प्रोग्राम फाइल्स फोल्डर सोडून द्या, तिथे लिहायलाच अ‍ॅडमिन लागतो. युजरच्या स्वतःच्या लोकल अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, व्हीएस कोड या एडिटरचा युजर इन्स्टॉलर तेच करतो. चालू असलेली एक्सई (प्रोग्रामची फाइल) विंडोज ओव्हरराइट करू देत नाही म्हणून प्रत्येक व्हर्जनला वेगळा फोल्डर ठेवा, अ‍ॅप बंद करून उघडलं की नवीन चालू. व्हेलोपॅक नावाचं अपडेटचं टूल बघा, हे बरंचसं तयार मिळतं.

वागळे_सिसअ‍ॅडमिन:
चालतं, पण एक लक्षात घ्या, तो फोल्डर युजरला लिहिता येतो म्हणजे त्याच युजरच्या नावाने चालणारा व्हायरसही तुमची एक्सई बदलू शकतो. शिवाय आमच्यासारख्या ठिकाणी अ‍ॅपलॉकर (कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय) असतं, त्याचे डीफॉल्ट नियम साध्या युजरला फक्त प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज फोल्डरमधलंच चालवू देतात, तुमचं अ‍ॅप उघडणारच नाही. एक्सईवर डिजिटल सही (फाइल तुमचीच आहे आणि मधे बदललेली नाही याची खूण) असेल तर मी पब्लिशरच्या नावाने नियम टाकून देतो, मग दर व्हर्जनला मला फोन करायची गरज नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आयटीवाल्याकडून एकदाच अपडेटची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) बसवून घ्या, पुढचं ती करेल. पण ती सिस्टिमच्या, म्हणजे विंडोजमधल्या सगळ्यात वरच्या, अधिकाराने चालते, तेव्हा फाइल आधी युजरचा हात पोचणार नाही अशा फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि मग तिथे सही तपासायची. युजरच्या टेम्प फोल्डरमध्ये तपासून तिथूनच चालवली तर मधल्या क्षणात कोणी बदलली तरी कळणार नाही, आणि ती चालेल थेट सिस्टिमच्या अधिकाराने!

उरण_फाटा:
मी न्हावा शेवाला फॉरवर्डिंगमध्ये आहे, म्हणून कळकळीने सांगतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरस आला तेव्हा इथलं मर्स्क या शिपिंग ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं होतं. सुरुवात कुठून, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे तुमच्यासारखंच हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि सर्व्हर कंपनीचा खराखुरा. त्यामुळे एचटीटीपीएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सही करायची गुप्त की (किल्ली) अपडेट सर्व्हरवर ठेवूच नका, अ‍ॅपमध्ये सही तपासायची पब्लिक की घाला, सही जुळली नाही तर अपडेट फेका. आणि जुन्या व्हर्जनवर परत नेणारी फाइलही नाकारा, नाहीतर बंद केलेलं भोक कोणीतरी पुन्हा उघडेल.

वागळे_सिसअ‍ॅडमिन:
+१. आणि बिल्ड करणारा, म्हणजे कोडपासून एक्सई बनवणारा, पीसी पण जपा. २०२० ला सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं बिल्डच बिघडवलं होतं, अपडेटवर सही अस्सल होती.

महापेवाला_डेव्ह:
मनापासून आभार सगळ्यांचे. आमची एक्सई आजपर्यंत बिनसहीचीच जात होती, आधी सहीसाठी लागणारं सर्टिफिकेट घेतो. छोट्या ऑफिसांना लोकल अ‍ॅपडेटा, अ‍ॅपलॉकरवाल्यांना सर्व्हिस असं ठरवतोय. सर्टिफिकेटची की पीसीवर फाइल म्हणून ठेवता येते का?

वागळे_सिसअ‍ॅडमिन:
नाही, जून २०२३ पासून ती हार्डवेअर टोकनमध्ये (की बाहेर काढता न येणारं छोटं उपकरण) किंवा तशाच सुरक्षित हार्डवेअरमध्ये लागते. टोकन कपाटात कुलपात ठेवा, रिलीजच्या दिवशीच काढा. आणि त्या मॅडमना सांगून तो पासवर्ड आधी बदलून घ्या, नुसती चिठ्ठी फाडून उपयोग नाही.