गर्दी दिसली की लोकसंख्येच्या नावानं खडे फोडणं आता पुरे

पारसिक_बोगदा:

लोकल तुडुंब? लोकसंख्या. अकरावीला प्रवेश मिळत नाही? लोकसंख्या. नळाला पाणी नाही? तीच. हे कारण एकदा पुढे केलं की महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत सगळे सुटतात, म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे.

आकडे बघू. जगाची लोकसंख्या १०० कोटी झाली १८०४ च्या सुमारास. दुसरे १०० कोटी भरले १९२७ ला, तिसरे १९६० ला. मग १९७४, १९८७, १९९९, २०११, २०२२. एवढंच वाचलं तर धडकी भरते. पण वाढीचा दर साठच्या दशकात दोन टक्क्यांच्या वर होता, तो उतरत उतरत आता एक टक्क्याच्या आत आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात १०३० कोटींच्या आसपास पोचून जग उताराला लागेल. महाराष्ट्रात तर आत्ताच बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत (२०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी). लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात.

हा उतार घडवला कुणी? माझ्या मते मुख्यतः शहरांनी. शेतावर मूल म्हणजे कामाला दोन हात. शहरात मूल म्हणजे शाळेची फी, क्लासची फी आणि एका खोलीत चौथी गादी. त्याच पाहणीत देशाच्या शहरी भागात हा आकडा १.६ आहे, ग्रामीण भागात २.१. तेव्हा शहरं फुगली म्हणून गळा काढण्याऐवजी शहरांचे आभार माना.

सातदहाची_बदलापूर:

२०८० नंतर उतार लागणार हे वाचून बरं वाटलं. मला उद्याची ७.१० पकडायची आहे.

ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) २००१ ला ८१ लाखांचा होता, २०११ ला १ कोटी १० लाखांचा. गाड्या त्या मानानं वाढल्या का? तुमचा तक्ता दाराला लटकणाऱ्याला वाचून दाखवा, तो काय म्हणतो ते इथे लिहा. सभ्य शब्दांत.

पारसिक_बोगदा:

@सातदहाची, ते २९ लाख काही सगळे पाळण्यातून आले नाहीत. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत उतरली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं विरार-डोंबिवली-बदलापूरला फेकली गेली. नोकऱ्या मात्र फोर्टात, परळला, बीकेसीत. घर आणि ऑफिस यांत साठ किलोमीटर घातल्यावर दाराला लटकावंच लागतं. जन्मदर शून्यावर आणला तरी पुढची वीस वर्षं तुमच्या डब्यातला एक माणूस कमी होणार नाही.

तानसाकाठ:

हेच तर आमचं म्हणणं आहे! पुढची वीस वर्षं कमी होणार नाही. जी मुलं आज शाळेत आहेत ती उद्या आईबाप होणार, तेव्हा दर १.७ असला तरी एकूण आकडा चढतच राहतो. जगात अजूनही दरवर्षी सुमारे ७ कोटी माणसांची भर पडते. दर घसरला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना पाणी दराप्रमाणे लागत नाही, डोक्याप्रमाणे लागतं.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जातं. तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा कुठल्या तालुक्यात लागतात, ओळखा. शहरांचे आभार मानायला आमची हरकत नाही, आधी हंडा भरू द्या.

देवरुखची:

रत्नागिरी जिल्हा २००१ ते २०११ मध्ये १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, याचं कौतुक करणारे लेख वाचलेत मी. अहो, पुरुष मुंबईला गेलेत म्हणून तो आकडा! शिमग्याला आणि गणपतीला घरं उघडतात, पालखीला खांदे मिळतात, मग पुन्हा कुलूप. पट कमी म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद, शाळा बंद म्हणून उरलेलं एक कुटुंबही चिपळूणला नाहीतर ठाण्याला. माझ्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचं तर वाडीत गाडी चालवणारं कुणी नाही.

सातदहाच्या गाडीत जी माणसं जास्त झालीत ती आमच्याकडे कमी झालीत. गर्दीवरचे धागे रोज निघतात, ओसाडीवर एक निघत नाही.

मोजणीदार:

दोन्ही बाजू २०११ च्या आकड्यांवर भांडताहेत हे लक्षात घ्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७.

निम्मं जग शहरात राहायला लागलं २००७ च्या सुमारास. भारत २०११ ला ३१ टक्के, महाराष्ट्र ४५, गोवा ६२. पण वस्ती पाच हजारांवर, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पाऊणशे टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात, असं झालं की गावाची गणना शहरात होते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो. अशी 'जनगणना शहरं' २००१ मध्ये १३६२ होती, २०११ मध्ये ३८९४. म्हणजे माणूस हलतही नाही आणि शहरी होतो. हिंजवडी बघा: आयटी पार्क जगभर माहीत, कारभार ग्रामपंचायतीचा. पावसात तिथे जे होतं त्याला लोकसंख्या म्हणणं हा विनोद आहे.

परखड_पाटील:

आणि ज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांच्या लोकसभेच्या जागांचं काय? आजवर वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे, ते उठलं की बिहारचं (तिथे बाईमागे ३) पारडं जड होणार. कडक कायदा हवा, सगळीकडे.

कृष्णाकाठची:

कडक कायद्याची हौस आपण भागवून घेतलीय, पाटीलदादा. १९७६ ला महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. नंतर १२ सप्टेंबर २००१ पुढे तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही, असा नियम आला. सरपंच बाईचं पद जातं, तिसऱ्याचा हट्ट धरणारे सासरे पारावर बसलेलेच असतात. १९९२-९३ ला राज्याचा बाईमागे मुलांचा आकडा २.९ होता, आधीपासून उतरतच होता.

पण धागाकर्त्याचं 'शहरांनी केलं' हेही मला अर्धवट वाटतं. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ मध्ये, तेही मुंबईत. शहरानं काय दिलं त्यांना? विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. शहर आपोआप काही करत नाही. मुलगी शिकली, तिचं लग्न उशिरा झालं, पहिली दोन मुलं जगतील याची खात्री आली, तेव्हा खेड्यातही हेच झालं. ग्रामीण २.१ हा आकडा तुम्हीच दिलाय.

पारसिक_बोगदा:

@कृष्णाकाठची, शिक्षणाचा मुद्दा मान्य, पण ती शाळा, तो दवाखाना आधी कुठे पोचला? असो.

@सातदहाची, उपाय आधीच सुचवून झालाय. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, म्हणजे आजची नवी मुंबई. ते उभारायला १९७० ला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. सरकारनं आपली कचेरी पलीकडे हलवावी, मग धंदे मागे येतील, असा हिशेब होता. मंत्रालय हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला भराव घालून तिथेच टॉवर चढवले. जन्मदराला विचारून नव्हे.

देवरुखची:

कचेरी खाडीपलीकडेच का? रत्नागिरीला आणा की एखादी. पण साहेब येणार कसे, मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय.