दिल्लीहून एका दिवसात आग्रा: टूरची बस, गाडी की रेल्वे?

कोथरूडकर_८
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं दिल्लीला जातोय, बरोबर आई-बाबा (वय ६८ आणि ७२, आईचे गुडघे दुखतात). गुरुवारी रात्री पोचणार आणि मंगळवारी सकाळी परतीचं विमान, म्हणजे शुक्रवार ते सोमवार हातात आहेत. मुक्काम करोल बागेत. हॉटेलवाला शनिवारची आग्रा-मथुरा-वृंदावन बस सुचवतोय, गाईडसकट. माणशी दर इतका कमी आहे की शंका येते. बसने जावं, गाडी करावी की रेल्वेने? गाईड लागतो का? दिल्लीत कुठल्या दिवशी काय बघावं?

यमुनाकाठ
आधी वार ठरवा, वाहन नंतर. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांना बंद असतो. सोमवारी दिल्लीतला लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधाम बंद, पण ताज उघडा. म्हणून आग्र्याला सोमवारी जा. शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

आता बस. स्वस्त बस पहाटे साडेपाच-सहाला तुमच्या हॉटेलवर येते, पण पहाडगंज आणि करोल बागेतल्या बाकीच्या हॉटेलांतून माणसं गोळा करत फिरते. दिल्ली सोडेपर्यंत आठ वाजतात, वाटेत ठरलेल्या ढाब्यावर थांबा होतो आणि आग्रा दुपारीच गाठलं जातं. भाडं कमी असतं कारण उरलेले पैसे दुकानांच्या कमिशनमधून निघतात. संगमरवर, चामडं आणि पेठा अशा दोन-तीन दुकानांत प्रत्येकी अर्धा-पाऊण तास जातो. आग्र्याचा किल्ला उरकावा लागतो किंवा बाहेरूनच दाखवतात. परतताना अंधारात मथुरा-वृंदावन, आणि हॉटेलवर पोचायला मध्यरात्र. ७२ वर्षांच्या माणसाला हे झेपणार नाही. हॉटेलवाल्याला एकच प्रश्न विचारा: "ताजच्या आत किती तास आणि किल्ल्याच्या आत किती तास?" आकडा सांगता आला नाही तर बस सोडून द्या.

तुमच्यासाठी गतिमान एक्सप्रेस उत्तम. हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८ नंतर सुटते आणि सुमारे १ तास ४० मिनिटांत आग्रा कँटला पोचते. परतीची संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास. (शुक्रवारी ही गाडी नसते, तेही ताजच्या सुट्टीमुळेच.) आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, जाण्याचं आणि येण्याचं एकदमच करा. निघण्याआधी वेळा पुन्हा तपासा. करोल बागेतून निजामुद्दीन गाठायला सकाळी तासभर हाताशी ठेवा, आणि टॅक्सीवाल्याला "निजामुद्दीन" स्पष्ट सांगा. नुसतं "स्टेशन" म्हटलंत तर तो नवी दिल्लीला नेईल.

स्टेशनवरून प्रीपेड टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा: ताज, जेवण, किल्ला, पुन्हा स्टेशन. "दुकानात थांबायचं नाही" हे बसण्याआधीच सांगा. फतेहपूर सिक्री यात कोंबू नका. ती ३५-४० किलोमीटर लांब आहे, तिला वेगळा दिवस हवा.

भटकी_मैना
ताजबद्दल थोडं. तिकीट ऑनलाइन काढा. भारतीयांना ५० रुपये, आणि मुख्य मकबऱ्याच्या चौथऱ्यावर जायचं तर आणखी २००. आईंना पायऱ्या नको असतील तर त्यांच्यापुरते २०० काढू नका. बागेतून आणि कडेच्या बाकांवरून इमारत पूर्ण दिसते. एकदा आत गेल्यावर तिकीट ३ तास चालतं.

पूर्व दरवाज्याने जा. गाडी शिल्पग्रामच्या पार्किंगला थांबते, कारण ताजजवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. तिथून दरवाजा साधारण किलोमीटरभर, बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, ट्रायपॉड जवळ असलं की रांगेतून परत पाठवतात आणि लॉकर शोधण्यात अर्धा तास जातो. पाण्याची बाटली चालते.

पार्किंगपासूनच "लपके" मागे लागतात (आग्र्यात दलालांना हेच म्हणतात). "ही रांग बंद आहे", "मी सरकारी गाईड" असलं काही ऐकून घेऊ नका. खऱ्या गाईडकडे फोटोचं सरकारी ओळखपत्र असतं, ते हातात घेऊन नाव आणि मुदत वाचा. दर माणशी नव्हे तर पूर्ण गटाचा ठरवा, आणि ताजचा व किल्ल्याचा मिळून. ताजला गाईड नसला तरी चालतं. किल्ल्यात मात्र जरूर घ्या, तिथे नुसत्या भिंती बघून काही उमगत नाही.

कोथरूडकर_८
खूप आभार, बस रद्द! किल्ल्यात आईला चालणं जमेल का? आणि महाराजांशी संबंधित नक्की काय बघायचं?

यमुनाकाठ
अमरसिंह दरवाज्यातून आत गेल्यावर दगडी चढण आहे, उतरताना गुडघ्यांना तीच जास्त त्रास देते. काठी आणि पकड असलेले बूट हवेतच. वर गेल्यावर बराचसा भाग सपाट आहे. दुपारी अडीच ते साडेचार किल्ला आणि सव्वापाचला स्टेशन, असा हिशेब ठेवा.

१२ मे १६६६ ला महाराज इथेच औरंगजेबाच्या दरबारात आले होते. गाईडला आधीच सांगा की दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास सावकाश दाखव, नाहीतर सगळा वेळ शाहजहानच्या कैदेवर जातो. महाराजांना "या किल्ल्यात कोंडलं होतं" असं कुणी सांगितलं तर ते चूक. चौकी-पहारा होता तो रामसिंहाच्या (मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा) छावणीजवळच्या त्यांच्या मुक्कामी, आणि सुटका तिथूनच झाली. किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे पाच मिनिटं नक्की थांबा.

पानिपतची_वाट
बाकीचे दिवस असे लावा. शुक्रवारी कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. जामा मशीद त्या दिवशी नको, दुपारच्या नमाजाला पर्यटकांना आत सोडत नाहीत. शनिवारी सकाळी लाल किल्ला, मग चांदनी चौक. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारी बंद, म्हणून आई-बाबांसाठी सायकलरिक्षा करा आणि फेरीचा दर आधी ठरवा.

रविवारी पानिपत करा. दिल्लीहून साधारण ९० किलोमीटर. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं काला अंब स्मारक शहराबाहेर आहे. टूरवाल्यांच्या यादीत ते क्वचितच असतं, त्यामुळे गाडीच करावी लागेल. दर विचारताना टोल, राज्याचा कर, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि किलोमीटरची मर्यादा हे पाचही धरून आकडा मागा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. वाद नेहमी यातल्याच एखाद्यावरून होतो. सकाळी सातच्या आत दिल्ली सोडा, दाट धुकं असेल तर ते उठेपर्यंत थांबा. दुपारी तीनपर्यंत परत आलात तर संध्याकाळी अक्षरधाम जमेल. तिथे मोबाइल आणि बॅगा जमा कराव्या लागतात, त्या रांगेसाठी वेळ धरा. फोन हॉटेलवर ठेवणार असाल तर परतीच्या टॅक्सीचा नंबर कागदावर लिहून घ्या.