मँटाय, यूटा : वसाहत कशी बसली आणि लोकसंख्येचे आकडे कसे वाचायचे?

पायवाट : अमेरिकेतल्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) वसाहतींवर एक लेख लिहितोय, त्यात यूटा राज्यातलं मँटाय हे गाव घेतलंय. शहराची लोकसंख्या 2000 मध्ये 3,040, 2010 मध्ये 3,276 आणि 2020 मध्ये 3,429. पण मँटाय ज्यात येतं त्या सॅनपीट काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आकडे गोंधळात टाकतात. 1850 ला 365, 1920 ला 17,505, 1970 ला 10,976 आणि 2020 ला 28,437. मध्ये एवढी घट कशाने? आणि 365 हा आकडा मँटायचा म्हणून दिला तर चालेल का? जाणकारांनी सांगावे.

जुनी_दफ्तरे : 365 हा काउंटीचाच म्हणून द्या. त्या वेळी काउंटीत मँटायखेरीज फारसं काही नव्हतं हे खरं (शेजारचं एफ्राइम 1854 चं), पण तरी. शिवाय यूटातली '1850 ची' मोजणी प्रत्यक्षात 1851 मध्ये झाली, तेव्हा वर्षापुढे तशी टीप हवीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात यूट लोक धरलेलेच नाहीत. कर न भरणारे मूलनिवासी मोजायचे नाहीत असा नियम होता. 'ओसाड खोऱ्यात 365 माणसं' असं लिहिलंत तर सपशेल चूक होईल.

मॉर्मन वसाहतवाले आले तेच मुळी यूट प्रमुख वाकाराच्या बोलावण्यावरून. 1849 च्या नोव्हेंबरात आयझॅक मोर्लीच्या पुढारीपणाखाली 224 जण पोचले. हिवाळा तोंडावर, घरं बांधायला सवड नाही, म्हणून टेकडीच्या दक्षिण उतारात बिळं खणून राहिले. वसंतात ऊब आली तशी त्याच खडकांतून खुळखुळे साप (रॅटलस्नेक) बाहेर पडू लागले. पुढे त्याच टेकडीचा चुनखडक काढून मॉर्मन मंदिर बांधलं; ते 1888 मध्ये पुरं झालं.

वाकाराशी बिनसायला चार वर्षंही लागली नाहीत, 1853 ला लढाई सुरू. मग 9 एप्रिल 1865 ला मँटायमध्येच झालेल्या बाचाबाचीतून ब्लॅक हॉक युद्ध पेटलं, ते 1872 पर्यंत धुमसत होतं.

बांधावरून : घटीबद्दल. शेती सगळी पाटाच्या पाण्यावर, आणि पाणी डोंगरातल्या बर्फाचं. म्हणजे जमीन वाढवायची तरी कुठवर? कुटुंबं मोठी, वाटण्या होऊन तुकडे लहान, पोरं राजधानी सॉल्ट लेक सिटीकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं आली आणि शेतावर हातही कमी लागू लागले.

मेंढ्यांचा भाग मात्र लेखात सोडू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या पठारावर इतकी चराई झाली की गवत मुळासकट गेलं. उन्हाळ्यातल्या वळवाच्या सरी जमिनीत मुरेनात. चिखल, दगडगोटे घेऊन लोंढे थेट गावात. शेवटी गावकऱ्यांनीच सरकारकडे अर्ज केले आणि 1903 मध्ये मँटाय राखीव वन झालं. चराईवर बंदी घाला असं मागणारं मेंढपाळांचं गाव दुसरं सापडणं कठीण! 1912 मध्ये एफ्राइमच्या घळीत याच प्रश्नासाठी संशोधन केंद्र निघालं.

पायवाट : उत्तम. मग 1970 नंतरची वाढ मँटायचीच मानायची का?

जुनी_दफ्तरे : नाही, तिथेच लोक फसतात. काउंटीच्या वाढीत एफ्राइमचं स्नो कॉलेज आणि गनिसनचा राज्य तुरुंग (1990 पासून) यांचाही वाटा आहे. जनगणनेत कैदी तुरुंगाच्या गावी आणि वसतिगृहातले विद्यार्थी कॉलेजच्या गावी धरले जातात. तेव्हा एकूण आकड्याशेजारी 'संस्थांमध्ये राहणारे' हा रकाना वेगळा काढून बघा. मँटायच्या टेकडीवर 1967 ते 2019 दर उन्हाळ्यात धार्मिक नाट्यप्रयोगाला हजारो लोक यायचे, पण पाहुणे यात येत नाहीत.

बांधावरून : आणखी एक, घराण्यांची नावं शोधणार असाल तर 1890 च्या जनगणनेवर विसंबू नका. एकूण आकडे छापलेले मिळतात, पण घरवार याद्या 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळपास सगळ्याच गेल्या. 1880 वरून सरळ 1900 च्या याद्यांवर जा. त्यात जन्मस्थळ बघितलंत की डेन्मार्क किती ठिकाणी दिसतं ते कळेल.