गाडीतलं फारसं कळत नसताना घरची दुसरी गाडी कशी निवडलीत?

धागा सुरू करणारी, जुळे सोलापूर

आमच्याकडे एक गाडी आहे. ती सकाळी ह्यांच्याबरोबर चिंचोळी एमआयडीसीत जाते, ती संध्याकाळीच परत येते. सासूबाईंची फिजिओथेरपी, लेकीचा क्लास, बाजार, सगळं माझ्या स्कूटरवर. गेल्या मे महिन्यात भर दुपारी विजापूर रोडच्या सिग्नलला सासूबाईंना मागं बसल्या-बसल्या भोवळ आली. मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. त्याच रात्री दुसऱ्या गाडीचं ठरलं.

अडचण अशी की सीसी, टॉर्क, व्हेरिएंट यातलं मला काही कळत नाही. पहिली गाडी ह्यांनी मित्राच्या सल्ल्यानं घेतली, तेव्हा मी लक्ष घातलं नाही. ही मात्र मी चालवणार आहे, तर कळून घ्यायची आहे. मॉडेलची नावं लिहिली नाहीत तरी चालेल. तुमच्या घरात काय गरज होती, काय घेतलंत, कुठं चुकलं, ते मनमोकळं लिहा.

निवृत्त लिपिक, होटगी रोड

ताई, जुनी गाडी बघणार असाल तर माझं झालं ते ऐका. ओळखीतल्या एका गृहस्थांकडून सात वर्षांची गाडी घेतली. रंग चकचकीत, सीटकव्हर नवी, मीटरवर २८ हजार किलोमीटर. ओळखीचा माणूस म्हणून जास्त चौकशी केली नाही. आरसी माझ्या नावावर करून घेतली, विमा मात्र त्यांच्याच नावावर राहिला. चार महिन्यांनी सात रस्त्याजवळ रिक्षा घासून दार आत गेलं आणि विमा कंपनीनं दावा नाकारला. तेव्हा समजलं की थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, गाडीबरोबर आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तोही त्याच्याकडंच राहतो, गाडीबरोबर येत नाही.

दुसरं टायरचं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी तरुण होते. २८ हजारांत चारही टायर बदलायची वेळ का आली, हा प्रश्न मला घेताना पडायला हवा होता. नंतर सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी नोंद काढली, तर तीन वर्षांपूर्वीच ६० हजारांच्या पुढं गेलेली. मीटर मागं फिरवलेलं होतं.

आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का तेही बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, ते समोर बसून भरून घ्या.

बाळीवेसच्या एक वहिनी

आमच्याकडं बोळाची रुंदी बघूनच गाडी ठरली. माहितीपत्रकात दिलेली रुंदी बहुधा आरसे सोडून असते. आम्ही मीटर टेप घेऊन शोरूमला गेलो, आरशासकट मोजली. एक गाडी मनात भरली होती, ती सोडली.

अक्कलकोट रोड, दोन मुलांची आई

माझा भाऊ मालवाहतुकीच्या धंद्यात, त्यानं डिझेलच घ्यायला लावली. त्याच्या कामाला ते बरोबर आहे, माझ्या कामाला नव्हतं. २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जायला गाडी मधूनमधून वीसेक मिनिटं तरी एका लयीत पळावी लागते. माझी गाडी घर ते शाळा तीन किलोमीटर, शाळा ते मंडई दोन. इंजिन धड तापायच्या आत बंद. सहाव्या महिन्यात मीटरजवळ तिचा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाले, "काही उघडायला नको, तुळजापूरला जाऊन या." हायवेनं जाऊन आलो, दिवा गेला. आता महिन्यातून दोनदा तसंच करते. देवीचं दर्शन होतं, पण फक्त दिव्यासाठी डिझेल जाळताना जिवाला लागतं. रोजचं येणंजाणं गावातल्या गावात असेल तर पेट्रोलच घ्या.

अशोक चौकातले काका

ताई, गिअर कसला पाहिजे ते पहिलं ठरवा की. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नव्हता. एएमटी घेतली, म्हणजे क्लच नाही, गिअर गाडीच बदलतीय. गिअर बदलताना हलका हिसका बसतोय, ओव्हरटेक करताना जरा दम धरावा लागतोय, हे खरं आहे. पण जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत पाऊण तास रांगेत होतो, पाय दुखला नाही बगा. चढाला गाडी मागं सरकू न देणारं हिल होल्ड आहे का तेवढं विचारा. एका मॉडेलला असतंय, त्याच गाडीच्या स्वस्तातल्या मॉडेलला नसतंय.

नर्स, विजापूर नाका

सीएनजीनं खर्च वाचतो, हे खरं. पण आमच्या डिकीत टाकी बसली आणि वडिलांची व्हीलचेअर बाहेर राहिली. ती मागच्या सीटवर आडवी टाकते, मग आईला बसायला जागा नाही. घेताना व्हीलचेअर सोबत न्यायला हवी होती. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तेही धरून चला.

आणखी एक कळकळीनं सांगते. २०२२ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये चालकाशेजारी एअरबॅग नसते. ड्यूटीवर अपघाताच्या केस बघते, म्हणून यात तडजोड करू नका.

नवी पेठ, कापड दुकान

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्या, सकाळी नाही. पारा ४२ ला असताना मागं बसलेल्याला पाच मिनिटांत गार लागतंय का, तेवढं बघा. किमतीचं एक : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या गाडीचा भाव नवीच्या आजच्या किमतीशी ताडून बघा.

धागा सुरू करणारी, जुळे सोलापूर

सगळ्यांचं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. सासूबाईंना घेऊन दुपारी दोनला तीन गाड्या बघितल्या. पहिल्या दोनांत बसता आलं, पण सीट खाली असल्यानं उठताना दाराला धरून ओढून घ्यावं लागलं. तिसरी उंच होती. त्या दार उघडून सरळ बसल्या आणि कुणाचा हात न धरता उतरल्या. उतरल्यावर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही."

एका मालकाची पेट्रोल एएमटी आहे, २०२३ ची, पुढं दोन्ही एअरबॅग आहेत, बोजा नाही. सर्व्हिसची नोंद मीटरशी जुळते. टायरवरचे आकडे मी स्वतः वाकून वाचले : ११२३. विमा नावावर करण्याचा अर्ज आज दिला.